क्रँकबेट आणि जिग, दोन्हींना 'कृत्रिम आमिष'च म्हणायचं का?

तळ्याकाठी: आम्ही दहा-बारा घरं मिळून दरवर्षी घरगुती दिवाळी अंक काढतो (मुक्काम उत्तर अलाबामा). यंदा मी मासेमारीवर चार पानं लिहिली. शेजारचे आजोबा ऑक्टोबरात मला गंटर्सव्हिलच्या तळ्यावर बास नावाचा मासा धरायला नेतात. पाणी गार व्हायला लागलं की शॅड नावाचे बारके मासे थव्यानं ओढ्यांच्या तोंडाशी शिरतात आणि बास त्यांच्या मागोमाग. माशाला फसवायला दोरीच्या टोकाला खोटं खाणं बांधायचं: मासा तरतरीत असला की क्रँकबेट, सुस्तावला की जिग. मुद्रितं तपासणाऱ्या ताईंनी दोन्ही शब्द इंग्रजी म्हणून उडवले आणि 'कृत्रिम आमिष' घातलं. आता माझं वाक्य असं झालंय: "कृत्रिम आमिषाला मासा लागेना, म्हणून आजोबांनी ते सोडून कृत्रिम आमिष बांधलं." अंक शुक्रवारी छापायला जातोय. काहीतरी सुचवा.

शुद्धमती: ताईंचं तत्त्व बरोबर, शब्द चुकला. संस्कृतात गळाला 'बडिश' आहे. पोहणारा तो 'चलबडिश', तळाशी बसणारा तो 'तलबडिश'. दोन दिवस वापरा, अंगवळणी पडेल.

भोसरीकर: मला बडीशेप आठवली. आणि जिग इंग्रजी कधीपासून? आमच्या कारखान्यात 'जिग लाव', 'जिग सरकलाय' हे हेल्परपासून सगळे बोलतात. जिग-फिक्स्चरला मराठी शब्द शोधत बसलो असतो तर एक भोक पडलं नसतं.

शुद्धमती: तो जिग वेगळा. कारखान्यातला जिग काम जागेवर धरून ठेवतो, हा नाचतो.

भोसरीकर: मासा धरतोच की!

खाडीवाला: मालवणकडची पोरं माकुल (स्क्विड) धरायला जातात तेव्हा जिगच म्हणतात. आजोबांची पिढी 'गरी' म्हणायची. गळ नाही, गरी. आणि मासे 'पकडायला' नाही, 'गरवायला' जायचे. इतकं सुंदर क्रियापद असताना तुम्ही 'मासेमारी' लिहिलंत याचंच वाईट वाटलं. मासेमारी ट्रॉलरवाले करतात.

तळ्याकाठी: 'गरवणे' घेतलं! पण वस्तू तरी काय आहेत ते सांगतो. क्रँकबेट म्हणजे बोटभर प्लास्टिकचा मासा, पोटाखाली दोन तीन-तोंडी गळ, आत खुळखुळणाऱ्या गोळ्या. तोंडाशी चमच्यासारखी पारदर्शक पट्टी. रीळ फिरवलं की पाणी त्या पट्टीवर आपटतं आणि तो डुलत डुलत खाली सूर मारतो. पट्टी लांब तर खोल, आखूड तर उथळ. काहींना पट्टीच नसते, ते नुसते थरथरतात. तळ्यात पाणगवत माजलेलं असतं, त्यात हा अडकतो. आजोबा काठीला एक हिसका देतात, गवत तुटून तो सुटतो आणि बास नेमका त्याच क्षणी धरतो. जिगला शिशाचं डोकं, एकच गळ, भोवती रबराच्या दोऱ्यांचा गोंडा. टाकायचा, बुडू द्यायचा, तळावरून टुणटुण उडवायचा. मासा लागला तर दोऱ्यात फक्त एक 'टक्' कळते. पहिल्या वर्षी मला ती टक् कळलीच नव्हती. आजोबा म्हणाले, "थुंकून टाकला त्यानं."

पाटीपेन्सिल: मग सोपं आहे. डुलतो तो 'डुलक्या', टुणटुणतो तो 'टुणटुण्या'.

शुद्धमती: बालवाडीचा अंक आहे का?

पंचगंगेचा: लहानपणी वडिलांबरोबर नदीवर बसायचो. बांबूची काठी, बुचाचा तरंगा. ते कधीही 'आमिष' म्हणाले नाहीत. 'कणीक लाव', 'गांडूळ लाव'. जे लावायचं त्याचंच नाव. आमिष हा पेपरातला शब्द, 'नोकरीचे आमिष दाखवून' वगैरे. तेव्हा 'जिग लाव' हेच अस्सल मराठी वाक्य आहे असं माझं मत.

शुद्धमती: आमिष म्हणजे मुळात मांस, म्हणून तर शाकाहाराला निरामिष. त्या अर्थी प्लास्टिकचा मासा हे निरामिष आमिष झालं. 'कृत्रिम आमिष' मलाही नकोच आहे.

खाडीवाला: निरामिष आमिष! हेच छापा.

अलिबागचा पांढरा कांदा: शब्दांचं काहीही करा, पण 'बास' काय लिहिता? "आजोबांनी बास धरला" वाचून मला वाटलं बास, पुरे झालं. सरळ जिताडा लिहा ना.

खाडीवाला: जिताडा म्हणजे गोव्यातला चोणक, खाडीचा मासा. तुमच्याकडे शेततळ्यात वाढवतात म्हणून तो गोड्या पाण्याचा होत नाही. यांचा बास सनफिश कुळातला. नावात बास असलं म्हणून भावकी लागत नाही.

पंचगंगेचा: स्वभावानं मरळीच्या जवळचा वाटतो. गवतात दबा धरून बसायचं आणि झडप घालायची.

अलिबागचा पांढरा कांदा: मरळीला जिताड्याची चव नाही.

तळ्याकाठी: आम्ही खात नाही, परत सोडतो.

अलिबागचा पांढरा कांदा: मग चार पानं कशाबद्दल लिहिलीत?

पाटीपेन्सिल: आपण कुणाला 'गळ घालतो' तो हाच गळ का?

पंचगंगेचा: हाच. अडकवून ओढायचं.

शुद्धमती: मुळीच नाही. ते 'गळ्यात पडणे'मधल्या गळ्यावरून. शिवाय गळ 'टाकला' पण गळ 'घातली'. एक पुल्लिंगी, एक स्त्रीलिंगी. एकच शब्द कसा असेल?

भोसरीकर: आमच्याकडे जत्रेतल्या बगाडाला गळ असतो, पूर्वी पाठीत टोचायचे. तोही पुल्लिंगीच.

पाटीपेन्सिल: मोल्सवर्थ बघा कुणीतरी.

भोसरीकर: १८३१ चा कोश. क्रँकबेट सापडला तर कळव.

तळ्याकाठी: मंडळी, शुक्रवार उद्या आहे. क्रँकबेटमधला क्रँक म्हणजे रीळाची मूठ गरगर फिरवणं, यावरून तरी काही?

भोसरीकर: हँडल मारणे. जुने ट्रक असेच चालू व्हायचे. 'हँडल-मासा'.

शुद्धमती: 'रहाट' आहे की मराठीत.

खाडीवाला: मालवणीत गरी स्त्रीलिंगी. 'गरी टाकली'. मग मूळ गळही स्त्रीलिंगी असणार आणि 'गळ घातली' हाच जुना प्रयोग. टाकला म्हणणारेच चुकतायत.

शुद्धमती: गरी आणि गळ एकाच धातूचे हे आधी सिद्ध करा.

खाडीवाला: र-ळ बदल काय मी आणलाय?

पंचगंगेचा: पंचगंगेवर गळ टाकलाच जातो. चाळीस वर्षं टाकतोय.

तळ्याकाठी: ताईंना हा धागा पाठवला. त्यांचा एकच प्रश्न आलाय: "बास तो की ती?"