बाबांचा एनएलआर ६ आलाय, लिव्हर कॅन्सरमध्ये याचा अर्थ काय धरायचा?

निफाडकर८७: नमस्कार मंडळी, बाबा ६४ चे, जुनी हिपॅटायटिस बी, आता लिव्हरमध्ये गाठ निघाली, एचसीसी (लिव्हरचाच कॅन्सर) म्हणून सांगितलंय. अ‍ॅटेझोलिझुमॅब (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणारं इम्युनोथेरपीचं औषध) आणि बेव्हॅसिझुमॅब सुरू करायचं ठरतंय. सीबीसीत न्यूट्रोफिल ७८ टक्के, लिम्फोसाइट १३, म्हणजे या दोन पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर, एनएलआर, ६, आणि शरीरातली सूज दाखवणारा सीआरपी २२. नेटवर वाचलं की एनएलआर जास्त असला की पेशंट कमी जगतो, तेव्हापासून झोप उडालीये, आईला तर काहीच बोललो नाहीये अजून. कोणाला अनुभव आहे का?

गंगापूररोड: दादा, आधी तो आकडा बाजूला ठेव. माझ्या काकांचा पण पाचच्या वर होता, डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला की ताप, इन्फेक्शन, स्टेरॉइड काही चालू आहे का, कारण यातल्या कशानेही न्यूट्रोफिल चढतात. आईला मात्र सांग रे, एकट्याने नको ओढूस.

लॅबवाला_सातपूर: एनएलआर जास्त असलेल्यांचं सरासरी कमी चांगलं जातं हे खरंय, बऱ्याच अभ्यासांत तेच दिसलंय, पण ती गर्दीची गोष्ट, एका माणसाचं भविष्य त्यातून निघत नाही. गाठीभोवती सूज असली की आयएल-६ हे सुजेचा निरोप देणारं प्रोटीन वाढतं, ते लिव्हरला सीआरपी बनवायला लावतं, म्हणजे हे आकडे शरीरात चाललेल्या झटापटीचा धूर आहेत. इम्युनोथेरपीसाठी क्रॅफिटी नावाचा स्कोअर आहे, २०२२ चा: एएफपी (लिव्हर कॅन्सरमध्ये बऱ्याचदा वाढणारं रक्तातलं प्रोटीन) १०० किंवा वर असेल तर एक पॉइंट, सीआरपी १ किंवा वर असेल तर एक. शून्यवाल्यांचं सगळ्यात बरं, दोनवाल्यांचं अवघड. पण इथेच लोक फसतात, तो १ मिलिग्राम प्रति डेसिलिटरमध्ये आहे, आपल्याकडे रिपोर्ट बहुतेक प्रति लिटरमध्ये येतो, म्हणजे तिथे १० धरायचा. युनिट बघ आणि एएफपी किती ते सांग. आणि बाबांची हीच दोन औषधं आयएमब्रेव्ह१५० ट्रायलमध्ये सोराफेनिब या जुन्या औषधासमोर होती, १२ महिन्यांनी ६७.२ टक्के पेशंट जिवंत होते, तिकडे ५४.६. ते सगळे चाइल्ड-प्यू ए चे होते, म्हणजे लिव्हर अजून बऱ्यापैकी काम करणारे, म्हणून बाबांचा चाइल्ड-प्यू किती ते एनएलआरच्या आधी विचार. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी एंडोस्कोपी झालीये का? बेव्हॅसिझुमॅबने ब्लीडिंग होऊ शकतं.

निफाडकर८७: एएफपी ६०, सीआरपी प्रति लिटरमध्येच आहे. आणि बाबांना त्याच आठवड्यात लघवीचं इन्फेक्शन होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. गोळ्या शुक्रवारी संपतायत, मग डॉक्टरांना विचारून सीबीसी आणि सीआरपी परत करतो. एंडोस्कोपीचं कोणी बोललंच नव्हतं, उद्या सकाळी पहिलं तेच विचारतो. आईशी आज रात्री बोलतो.