शुगर असेल तर चालायला कधी जायचं, उपाशीपोटी की जेवल्यावर?

शतपावलीवाली: बाबांना टाइप टू डायबेटिस होऊन नऊ वर्षं झाली, रोज पहाटे साडेपाचला नुसतं पाणी पिऊन तासभर फिरायचे आणि रात्री जेवले की सोफ्यावर. फास्टिंग (उपाशीपोटीची शुगर) बरी यायची पण पीपी (जेवणानंतर दोन तासांची शुगर) २३० च्या खाली काही येईना. दोन महिन्यांपूर्वी सकाळचं फिरणं अर्ध्यावर आणलं आणि दोन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं चालायला लावलं, गोळ्या त्याच, आता १८० च्या आसपास असते. माझं मत पक्कं झालंय, शुगरवाल्यांनी चालणं जेवणाला जोडूनच ठेवावं. न्यूझीलंडच्या ओटागो युनिव्हर्सिटीने २०१६ मध्ये ४१ पेशंटवर हेच तपासलं होतं, दिवसात कधीतरी ३० मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची शुगर सरासरी १२ टक्के कमी आली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के.

पहाटरनर: नाही पटलं. उपाशीपोटी इन्सुलिन खाली असतं म्हणून शरीर चरबीला हात घालतं, पोहे खाऊन निघालात की आधी पोहेच जळणार. इंग्लंडच्या बाथ युनिव्हर्सिटीचा २०१९ चा प्रयोग बघा, वजन जास्त असलेले पुरुष, सहा आठवडे सायकलिंग, नाश्त्याआधी करणाऱ्यांची चरबी दुप्पट जळली आणि इन्सुलिनचा प्रतिसादही सुधारला. पीपी म्हणजे दोन तासांचा आकडा हो ताई, मूळ दुखणं इन्सुलिन रेझिस्टन्सचं आहे, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही.

शतपावलीवाली: वजन दोन्ही गटांचं सारखंच उतरलं हेही सांगा ना दादा! आणि त्यातल्या लोकांना डायबेटिस नव्हता. ज्याचं इन्सुलिनच नीट काम करत नाही त्याच्यासाठी महत्त्वाचं हे की चालताना स्नायू इन्सुलिनवर फारसं अवलंबून न राहता रक्तातली साखर ओढतात, मग जेवणाची साखर रक्तात चढत असतानाच चाललेलं बरं नाही का.

आईची_काळजी: चरबी राहू द्या, आधी हे वाचा. आई ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी घेते, एकदा गोळी घेऊन काही न खाताच फिरायला गेली, बागेत दरदरून घाम, हात थरथरायला लागले, कसंबसं घरी आणलं तर मीटरवर शुगर फक्त ५२. शेजारच्या काकूंनी साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं. असल्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशी फिरण्याचा सल्ला सरसकट कुणालाही देऊ नका, हात जोडून सांगते.

पहाटरनर: हे शंभर टक्के मान्य, मी लिहायला हवं होतं. माझं म्हणणं गोळ्या नसलेल्या, पोट सुटलेल्या चाळिशीतल्या माणसाबद्दल होतं, मी स्वतः तोच. पण आमच्याकडे ऑफिसातून येऊन जेवायलाच दहा वाजतात, त्यानंतर कोण बाहेर पडणार? पहाटेचं निदान रोज होतं.

शतपावलीवाली: बाहेर कशाला, बाबा पावसात घरातच हॉल ते किचन फेऱ्या मारतात, आई भांडी आवरेपर्यंत. तुमचं पहाटेचं बंद करा असं नाहीच म्हणत, रात्रीची दहा मिनिटं आठवडाभर करा आणि आधीची-नंतरची पीपी इथे टाका.