हॉलमधला डाग परत वर आलाय

बी-२०४: हॉलचं कार्पेट कोणी बघितलं का आज? खिडकीजवळचा कॉफीचा डाग परत आलाय. रविवारी मी आणि १०३च्या काकूंनी तासभर घासला होता. सोमवारी साफ, आज बुधवारी तपकिरी कडा जशीच्या तशी. कोणी पुन्हा सांडलं असेल तर सांगून टाका, रागावणार नाही.

सी-३०१: कोणी म्हणजे आमची मुलंच ना? स्पष्ट बोला की ताई.

बी-२०४: मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.

ए-१०१: बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाका. फेस आला की डाग गेला.

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, भाषा जपा. आणि नवीन कार्पेटचा विषय सभेत झालेला आहे.

सी-४०३: झालेला नाही, गुंडाळलेला. कार्पेट तेवढं तसंच राहिलं 😀

बी-५०२: कोणी काही सांडलेलं नाही. डाग खालून येतोय. कॉफी अस्तरापर्यंत मुरली होती, त्यावर आपण बादलीभर पाणी ओतलं. वाळताना ओल धाग्यांतून वर चढते, वातीतून तेल चढतं तशी, आणि मुरलेला रंग सोबत आणते. पाणी उडतं, रंग टोकावर राहतो.

सी-३०१: वाचलं ना सगळ्यांनी?

बी-२०४: वाचलं. मनाला लागलं असेल तर माफ करा. पण पहिल्यांदा कॉफी सांडली कुणी, हे राहिलंच.

ए-१०१: बेकिंग सोडा आणि व्हिनेगर. परत सांगतोय.

बी-५०२: काका, एकत्र केले की दोघेही एकमेकांना निकामी करतात. फेस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड.

ए-४०१: मग ब्लीच?

बी-५०२: अजिबात नको! ब्लीचवर व्हिनेगर पडलं तर क्लोरीन वायू सुटतो, आणि हॉल कायम बंद. शिवाय कार्पेटचाच रंग उडेल.

ए-१०३: अरे, मग करायचं काय ते सांग. माझे गुडघे अजून दुखताहेत.

बी-५०२: काकू, घासायचं नाही, टिपायचं. कपभर कोमट पाण्यात पाव चमचा भांड्यांचं लिक्विड, आधी कोपऱ्यात लावून बघायचं. फडकं पांढरंच, रंगीत फडक्याचा रंग उतरतो. डागाच्या कडेकडून मध्याकडे यायचं. मग साध्या पाण्याने टिपून साबण पूर्ण काढायचा. राहिला तर चिकट होतो, धूळ धरतो आणि त्याच जागी काळं पडतं. शेवटी जाड पांढरा टॉवेल घडी घालून त्यावर वजन, रात्रभर. वर येणारा रंग टॉवेलात जाईल.

सी-३०१: वजनाला आमच्याकडचे डंबेल्स आणते. दाराजवळच्या मांजराच्या वासाचं काय?

बी-५०२: त्याला एन्झाइमवालं क्लीनर. पण आधी लेबल बघा. लोकरीचं कार्पेट असेल तर प्रोटीन तोडणारं एन्झाइम लोकरही खातं.

सी-४०३: मांजर कुणाचं ते सगळ्यांना माहीत आहे.

सेक्रेटरी: मांजराचा विषय नको.

ए-१०१: नुसता सोडा शिंपडला तर वास जातो का?

बी-५०२: कमी होतो काका. कोरड्यावर शिंपडा, नंतर व्हॅक्यूम.

(गुरुवार सकाळ)

बी-२०४: टॉवेल उचलला. आतल्या घडीवर बशीएवढं पिवळट वर्तुळ, कडेला गडद. कार्पेटवर हात फिरवला, किंचित दमट आहे, डाग फिका झालाय. ३०१, डंबेल्सबद्दल मनापासून आभार. आज रात्री पुन्हा ठेवू या का?

सी-३०१: ठेवा. मुलांना सांगितलंय, तिकडे फिरकायचं नाही.

ए-१०३: पंखा चालू ठेवा, कोणी बंद करू नका.