खडकीची लढाई १८१७: दहापट फौज असून हरलो, नेमकं झालं काय?

औंधकर७७:
नमस्कार मंडळी, आमच्या फॅमिली ग्रुपवर दर नोव्हेंबरला एक फॉरवर्ड फिरतं की ५ नोव्हेंबर १८१७ ला पेशव्यांची फौज इंग्रजांच्या दहापट होती पण फितुरीनं घात केला, आणि मग काका मंडळींची जुंपते ती रात्रीपर्यंत. मी रोज गणेशखिंडीतनं ऑफिसला जातो म्हणजे त्या मैदानातनंच की, पण लढाई कुठून कुठं झाली ते विचाराल तर शून्य. तर खरंच फितुरी हेच कारण का? आणि एवढे स्वार असून समोरचं मूठभर पायदळ तुडवता कसं आलं नाही? नुसतं "दुसरा बाजीराव पळपुटा" एवढं सांगू नका प्लीज, ते शाळेपासून ऐकतोय.

मुळाकाठचा:
दहापटीचा हिशेब जवळपास बरोबर आहे, पण आकडे इंग्रजांच्या बाजूचे आहेत हे लक्षात असू द्या. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा इंग्रज अधिकारी ग्रँट डफ त्या दिवशी स्वतः तिथं होता, तो म्हणतो मराठ्यांकडं १८ हजार स्वार, ८ हजार पायदळ आणि १४ तोफा, आणि ईस्ट इंडिया कंपनीकडं सगळे मिळून २८००, त्यात गोरे ८०० च्या आसपास, बाकी मुंबई फौजेतले आपले देशी शिपाई.
आता जागा. रेसिडेन्सी, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातल्या इंग्रज वकिलाचं ठाणं, मुळा-मुठेच्या संगमावर होती, कंपनीची छावणी गारपीरला, म्हणजे शहराच्या अगदी उशाशी. रात्रीतून वेढा पडला तर सुटका नाही हे त्या वकिलाला, एल्फिन्स्टनला, दिसत होतं म्हणून १ नोव्हेंबरला त्यानं फौज खडकीला हलवली. माझ्या मते निम्मी लढाई तिथंच ठरली. ५ तारखेला दुपारी मराठी फौजा गणेशखिंडीच्या बाजूला पसरायला लागल्या तसा एल्फिन्स्टन संगम सोडून नदीपलीकडं निसटला आणि मागं रेसिडेन्सी जाळली गेली, त्याची पुस्तकं कागद सगळं खाक. कर्नल बर हा त्यांचा सेनापती, माणूस चांगलाच आजारी होता, पण खडकीत बसून वाट बघण्यापेक्षा पुढं जाऊन भिडायचं असं ठरलं आणि दापोडीहून कॅप्टन फोर्डची पलटण येऊन मिळाली. ही फोर्डची पलटण पेशव्यांच्या पगारावरची हं!! त्याला फितुरी म्हणायचं तर म्हणा, पण तिचे अधिकारी इंग्रजच होते, त्यामुळं ती कुठं जाणार हे कुणालाही ठाऊक असणार.

तोफखाना_पुणे:
वर बरंचसं आलंय, मी फक्त घोडदळाचं सांगतो कारण मूळ प्रश्न तोच आहे.
पेशव्यांकडं डी पिंटो नावाच्या पोर्तुगीज माणसाची कवायती पलटण होती, ती पुढं आली, तिला मार बसला आणि कंपनीची ७ वी पलटण जोशात पाठलाग करत रांग सोडून पुढं गेली. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले, त्यांनी हे बरोबर हेरलं आणि स्वार सोडले, हजारोंनी. रांग मोडलेल्या पायदळावर घोडी घालायची, यापेक्षा चांगली संधी मिळत नाही. गोखले १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीच्या सोबत होते, इंग्रजी पायदळ कसं लढतं ते त्यांनी जवळून पाहिलेलं होतं, त्यामुळं हा डाव कुणी उगाच आंधळेपणानं खेळला असं बिलकुल नाही.
पण त्या पलटणीसमोर दलदल होती आणि ती दोन्हीकडच्यांना माहीत नव्हती. पुढची घोडी भरधाव आली ती चिखलात कोलमडली, मागचे त्यांच्यावर. तोवर कर्नल बरनं शिपायांना थांबवून परत रांगेत उभं केलं आणि गोळी राखून ठेवायला लावली. त्या काळची चकमकीची बंदूक शंभर यार्डाच्या पुढं फारशी भरवशाची नाही, मिनिटाला दोन तीन बार निघतात, म्हणून सगळा खेळ शेवटच्या क्षणापर्यंत न उडवण्याचा. चिखलात अडकलेले स्वार आणि समोरून एकदम झाडलेल्या गोळ्या, संपलं. थोडेच जण शिपायांपर्यंत पोचले. अंधार पडेस्तोवर मराठे हटले आणि इंग्रज रात्री खडकीला परतले. त्यांचे मेलेले जखमी मिळून ८६, आपले सुमारे ५००. २६ हजारांत ५०० म्हणजे फौज शाबूतच होती की, फक्त तो एक हल्ला फसला आणि पुन्हा तसा जोर केलाच नाही.

कोथरूडची_मेघना:
आणि फितुरीचं म्हणाल तर बाळाजीपंत नातू इंग्रजांना बातम्या देत होता हे खरंच आहे, १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लावलं तेही त्यानंच. पण उलट बाजूनं बाजीरावानंही कंपनीच्या शिपायांना पैसे चारून फोडायचा प्रयत्न केला होता, ते फुटले नाहीत. हे फॉरवर्डमध्ये कधी येत नाही बघा.
मला विचाराल तर खरा घोळ पर्वतीवर झाला, बाजीराव तिथं होता. लढाई सुरू व्हायच्या बेताला बाजीरावानं गोखल्यांना निरोप पाठवला की पहिली तोफ आपल्याकडून उडू देऊ नका! जासूद येताना दिसला, गोखल्यांनी ओळखलं हा काय सांगणार, आणि तो पोचायच्या आत तोफा सुरू केल्या. आता ज्या सेनापतीला धन्याच्या निरोपाला चुकवून लढाई सुरू करावी लागते त्यानं जिंकायचं तरी कसं. त्यात निघतानाच जरीपटक्याची, म्हणजे मराठ्यांच्या निशाणाची, काठी मोडली, अपशकुन झाला म्हणून लोक आधीच धास्तावलेले. पेशव्यांच्या बाजूचे मोरोपंत दीक्षित मारले गेले ते फोर्डच्या पलटणीच्या तोफेनं, आणि फोर्ड त्यांचा मित्र, वाईट वाटतं वाचून.

औंधकर७७:
बाप रे दलदलीचं माहीतच नव्हतं. पण मग पुण्याचं काय, ५ ला हरले तर शहर १७ ला का पडलं, मधले दिवस काय करत होते? आणि खडकीची ती वॉर सिमेट्री याच लढाईची ना?

मुळाकाठचा:
सिमेट्रीचा या लढाईशी काही संबंध नाही, ती महायुद्धातल्या सैनिकांची. मधल्या दिवसांत दोघंही वाट बघत होते, फरक इतकाच की इंग्रज ज्याची वाट बघत होते तो आला. त्यांचा जनरल स्मिथ फौज घेऊन १३ ला पुण्याजवळ पोचला, १६ ला येरवड्याला नदीउतारावर झटापट झाली, त्या रात्री बाजीराव निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी शहर त्यांच्या ताब्यात. म्हणून मी म्हणतो ५ ते १३ हे आठ दिवस बघा, खडकीवर पुन्हा तुटून पडायचं असेल तर ते तेव्हाच. गोखले मात्र शेवटपर्यंत लढले, फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला पडले.

तोफखाना_पुणे:
जाता जाता, त्या दिवशीची मुंबईची गोरी पलटण पुढं बदलत बदलत आयर्लंडची रॉयल डब्लिन फ्युसिलिअर्स झाली आणि १९२२ ला मोडेपर्यंत तिच्या सन्मानांत "किर्की", म्हणजे इंग्रजी उच्चारातली खडकी, होतं. काकांच्या ग्रुपवर टाका हे, एक संध्याकाळ तरी शांततेत जाईल.