खतना : कायदा आधी की समाजाचं मन आधी?

रानजाई :
पुढच्या महिन्यात माझ्या भाचीला सात पूर्ण होतील. काल भाभीचा फोन आला. मागे कुकरच्या शिट्ट्या, आवाज अगदी खाली. "बेन, सासूबाई विचारतात कधी न्यायचं. मी काय सांगू?" सासूबाई म्हणजे माझीच आई.

आम्ही दाऊदी बोहरा, मुसलमानांतला एक शिया पंथ. मुलगी सातेक वर्षांची झाली की तिची खतना करतात, म्हणजे गुप्तांगाचा थोडा भाग कापतात. शास्त्रात 'खफ्ज' म्हणतात, बायका हळूच 'हराम की बोटी' म्हणतात. मला भेंडीबाजारात नेलं होतं, आइस्क्रीम खायला म्हणून. लाकडी जिना, जमिनीवर गोधडी, डेटॉलचा वास, आणि पाय धरायला माझीच मासी. परतताना टॅक्सीत आईने माझ्या चपला हातात धरल्या होत्या. मला पाय खाली सोडवत नव्हते.

या प्रथेचं नाव घेऊन बंदी घालणारा कायदा भारतात नाही. 2017 ला सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली, 2018 ला प्रकरण पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे गेलं आणि 2019 मध्ये शबरीमला मंदिरातल्या स्त्री-प्रवेशाच्या प्रश्नांबरोबर आणखी मोठ्या पीठाकडे. भाची तेव्हा रांगत होती.

मला कायदा हवाय, पण आईला तुरुंगात धाडायला नाही. भाभीला सासूपुढे 'नाही' म्हणता यावं, त्यासाठी पाठीला टेकू हवा. तुम्हाला काय वाटतं?

तळेगावकर :
ताई, वाचून पोटात कालवलं. तरीही नवीन कायद्याला माझा विरोध आहे. तेव्हाची भारतीय दंड संहिता (2024 पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता) आणि पोक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा, यांखाली हा गुन्हाच आहे, असं सरकारनेच न्यायालयात सांगितलं होतं. मग आणखी एक कागद कशाला? इजिप्तचं बघा. 2007 ला एका दवाखान्यात खतना करताना बारा वर्षांची मुलगी दगावली, 2008 ला कायदा आला. प्रथा थांबली का? बहुतेक मुलींवर तो प्रकार आता डॉक्टरच करतात. दाईच्या हातून सुटून डॉक्टरच्या हाती पडली, एवढाच फरक.

ठाण्याची झैनब :
मीही बोहरा आहे आणि माझ्या घरात तीन पिढ्यांची खफ्ज झालीय. आई शिक्षिका होती, मी सीए आहे. कुणाच्याही संसारात काही बिघडलं नाही. आफ्रिकेत जे शिवून टाकतात त्याच्याशी आमची बरोबरी करणं हा आमचा अपमान आहे. वरची बारीकशी कातडी, तेवढंच. मुलांची सुंता रोज होते, त्यावर कुणी याचिका करत नाही. आमच्या अंगाची चर्चा अख्ख्या देशाने करावी, हे मला सहन होत नाही.

डॉ. अनघा :
झैनबताई, तुमचा राग समजतो. सुंतेचा प्रश्नही रास्त आहे. अजाण मुलाची संमती तिथेही कुणी विचारत नाही. फरक असा की सुंतेचे काही वैद्यकीय फायदे नोंदले गेलेत, इथे एकही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मुलींच्या खतनेचे चार प्रकार केलेत. शिवणं हा तिसरा. 'वरची कातडी' काढणं पहिल्यात येतं आणि नुसतं टोचणंही चौथ्यात.

आता डॉक्टर म्हणून सांगते. सात वर्षांच्या मुलीत ती कातडी आणि खालचा भाग यांत अंतर असं नसतंच. मूल घाबरून हलतं, भूल नसते, समोर ब्लेड घेतलेली बाई. 'तेवढंच' कापलं गेलं, हे कोण सांगणार? 2018 मध्ये भारतात 94 जणांशी बोलून एक अभ्यास झाला. त्यातल्या साधारण एक तृतीयांश बायकांनी वैवाहिक सुखावर वाईट परिणाम झाल्याचं सांगितलं. तुम्हाला त्रास नाही, हे खरं असेल. त्यांना आहे, हेही तितकंच खरं.

जुना पुणेकर :
हा वाद आपल्याकडे एकदा होऊन गेलाय. 1891 चं संमतिवयाचं बिल. शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय, लग्न झालेलं असलं तरी, दहावरून बारा करायचं, एवढीच बाब. टिळक म्हणाले, परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये. आगरकर उलट बाजूला उभे राहिले. आज त्या बाबतीत कोण बरोबर होतं, हे कुणाला विचारावं लागत नाही.

बोहरा समाजापुरतं एक सांगायलाच हवं. तिथे 'नाही' म्हणणं महाग पडतं, कारण 'बरात', म्हणजे बहिष्कार. लग्न, दफन, सगळं अडतं. मुंबई राज्याने 1949 ला त्याविरुद्ध कायदा केला होता. तेव्हाच्या सय्यदनांच्या, म्हणजे बोहरांच्या धर्मगुरूंच्या, याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये तो रद्द केला. महाराष्ट्राने 2016 ला सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, पण धास्ती जुनी आहे.

तळेगावकर :
पुणेकर, 1891 नंतर बालविवाह थांबले का हो? पुढे कितीतरी वर्षं लागत होतेच. ते मोडले मुलींच्या शाळांनी. सेनेगलमध्ये 1997 ला मलिकुंदा बंबारा गावच्या बायकांनी एकत्र येऊन जाहीर केलं, आम्ही मुलींना कापणार नाही. कायदा त्यानंतर, 1999 ला. आधी गाव, मग सरकार, तेव्हा ते टिकतं. उलट गांबियात 2015 ला वरून बंदी आली. 2023 ला पहिल्यांदा शिक्षा झाल्या आणि लगेच बंदी उठवायचं विधेयक संसदेत आलं.

रानजाई :
ते विधेयक जुलै 2024 मध्ये फेटाळलं गेलं, हेही लिहा ना. आणि कुणाच्या जोरावर? ज्यांना कापलं होतं, त्या बायका उभ्या राहिल्या म्हणून. बंदी होती, म्हणून त्यांना राखायला काहीतरी होतं.

पोक्सो आहे म्हणता. तक्रार कोण करणार? सात वर्षांची मुलगी, आईविरुद्ध?

झैनबबेन, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण आपण दोघी सातच्या होतो तेव्हा आपल्याला कुणी विचारलं नव्हतं. तुमची मुलगी अठराची झाल्यावर स्वतः ठरवेल, असं चालेल का तुम्हाला?

ठाण्याची झैनब :
माझी मुलगी चार वर्षांची आहे. याचं उत्तर मी इथे देणार नाही.

जुना पुणेकर :
नका देऊ. लिहिलंत, तेवढंही थोडं नाही.

रानजाई :
कुणी विचारण्याआधी सांगते. काल रात्री आईशी बोलले. 2015 ला सिडनीत आपल्याच समाजाच्या तिघांना या गुन्ह्यात दोषी ठरवलं होतं. पुढे 2019 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नुसती चीर दिली तरी तो गुन्हाच, असं सांगितलं. 2016 मध्ये तिथल्या जमातीनेच पत्र काढलं की देशाचा कायदा पाळा, मुलींची खतना करू नका. ते मी आईला वाचून दाखवलं. वाटलं, जमातीचं पत्र म्हटल्यावर ऐकेल.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिकडे सरकारची मनाई आहे, म्हणून लिहिलं. इकडे कुठेय?"

तळेगावकर, माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. भाभीला सांगितलंय, शाळेला सुट्टी लागली की पोरीला थेट माझ्याकडे नाशिकला पाठव. तिकीट मी काढलंय.