मदत हवी आहे: डी ११, बी१२ १६८, आणि आठवड्याचे सॅशे रोज घेतले गेले

गोरेगावकरीण
आईचं वय ५८. शाकाहारी, अंडंही नाही. मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) आठ वर्षं चालू आहे, थायरॉइडची गोळी पहाटे. तळपायांना मुंग्या येतात म्हणून रक्त तपासलं: व्हिटॅमिन डी ११ नॅनोग्रॅम, बी१२ १६८ पिकोग्रॅम, हिमोग्लोबिन १०.८, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ८६. डॉक्टरांनी डीचे ६० हजार युनिटचे सॅशे आठवड्याला एक, असे आठ लिहून दिले होते. ते रोज एक करत आठ दिवसांत संपले. कॅल्शियमची गोळी थायरॉइडच्या गोळीबरोबरच घेतली जाते. केसांसाठी बायोटिनही आहे. बी१२चं अजून काही सुरू नाही. डॉक्टर सोमवारी भेटतील, तोवर काय करावं?

औषधवाला_दादर
सोमवारची वाट बघू नका, आजच फोन करून कळवा. आठ आठवड्यांचे ४ लाख ८० हजार युनिट आठवड्याभरात पोटात गेलेत. सुरुवात ११ वर होती, त्यामुळे एवढ्याने विषबाधा होईलच असं नाही. पण डी चरबीत विरघळतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही, आठवडेच्या आठवडे अंगात राहतं. म्हणून डी आणि कॅल्शियम दोन्ही आज थांबवा, आणि डॉक्टरांना विचारून रक्तातलं कॅल्शियम व क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) करून घ्या. डीची पातळी लगेच पुन्हा मोजण्यापेक्षा हे महत्त्वाचं, कारण त्रास होतो तो वाढलेल्या कॅल्शियममुळे. खूप तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठता, गुंगी किंवा गोंधळल्यासारखं वागणं दिसलं तर थेट कॅज्युअल्टीत न्या. पुढचे काही आठवडे लक्ष असू द्या.

ही चूक फार कॉमन आहे. बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असतात, त्यात आठवड्याचं पाकीट मिसळून जातं. सॅशे गोळ्यांच्या डब्यात ठेवूच नयेत. कॅलेंडरवर रविवारला चिकटवावेत.

रक्तचाचणी
एमसीव्ही ८६ बघून निश्चिंत होऊ नका. बी१२ कमी असलं की तांबड्या पेशी मोठ्या होतात, लोह कमी असलं की लहान. दोन्ही एकदम कमी असतील तर सरासरी अगदी नॉर्मल येते. रिपोर्टमध्ये आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारात किती फरक आहे ते) बघा. तो वाढलेला असेल तर हीच शंका घ्यायची. फेरिटिन (अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) केल्याशिवाय लोहाची गोळी सुरू करू नका.

नुसतं फॉलिक अ‍ॅसिड असलेलं टॉनिकही नको. त्याने हिमोग्लोबिन सुधारतं, पण बी१२ अभावी नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं.

बायोटिनबद्दल: ५-१० मिलिग्रॅमच्या गोळीने थायरॉइडचा रिपोर्ट बिघडू शकतो. अनेक मशीनवर टीएसएच (ज्यावरून थायरॉइडचा डोस ठरतो) खोटाच कमी दिसतो आणि मग चांगला चाललेला डोस उगाच कमी केला जातो. तपासणीच्या किमान २-३ दिवस आधी बंद करा आणि लॅबमध्ये तसं सांगा. अशा अ‍ॅनिमियात एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) सुद्धा खऱ्यापेक्षा वर दिसू शकतो, तेव्हा घरच्या ग्लुकोमीटरचे आकडे सोबत न्या.

पथ्यपाणी
मुंग्या म्हणजे शुगरच, असं धरून बसू नका. मेटफॉर्मिनने बी१२ कमी शोषलं जातं, आणि आईंच्या बाबतीत त्यावर आठ वर्षं आणि शाकाहार. पण मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करायचं नाही. अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोलसारखी गोळी रोज चालू असेल तर तीही डॉक्टरांना सांगा, तिनेही बी१२ घटतं.

नसांची लक्षणं असताना बहुतेक डॉक्टर आधी इंजेक्शनचा कोर्स देतात. गोळीही चालते, पण मात्रा मोठी लागते: पोटातला वाहक घटक कमी पडला तरी गोळीतला साधारण १ टक्का आपोआप शोषला जातो. म्हणजे १००० मायक्रोग्रॅममधून १० मिळतात, आणि दिवसाची गरज दोन-अडीचच असते. इडलीचं आंबवलेलं पीठ किंवा स्पिरुलिना यांच्या भरवशावर राहू नका. दूध-दही चालू ठेवा, पण १६८ ची तूट दह्याच्या वाटीने भरत नाही.

आणखी एक. 'नसांसाठी' म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांत बी६ किती आहे ते वाचा. रोज १०० मिलिग्रॅम महिनोन् महिने घेतलं तर त्यानेच हातापायांना मुंग्या येऊ शकतात.

ऊन: बंद काचेतून येणाऱ्या उन्हाने डी तयार होत नाही, टॉवरची स्लायडिंग लावून बसलेल्यांसाठी हे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा छोटी असेल ती वेळ कामाची, म्हणजे साधारण ११ ते ३. कोवळं ऊन सुखाचं असतं, इतकंच. जून ते सप्टेंबर मुंबईत तेही बेभरवशाचं.

गोरेगावकरीण
कॅल्शियम १०.१, क्रिएटिनिन ०.८ आलं. डॉक्टरांनी डी तीन महिने बंद ठेवून मग पातळी बघायला सांगितलंय. बी१२ची इंजेक्शनं आजपासून. कॅल्शियम पुढे सुरू झालं तर कधी द्यायचं?

औषधवाला_दादर
दोन्ही आकडे ठीक आहेत. थायरॉइडची गोळी पहाटे नुसत्या पाण्याबरोबर, चहा त्यानंतर पाऊण-एक तासाने. कॅल्शियम, लोह आणि थायरॉइडच्या गोळीत किमान चार तास. म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट दुपारच्या जेवणासोबत. ते पोटातल्या आम्लात विरघळतं, उपाशीपोटी वाया जातं. कॅल्शियम सायट्रेट असेल तर जेवणाची अट नाही. कार्बोनेटच्या पाकिटावर १२५० मिलिग्रॅम लिहिलेलं असलं तरी त्यात खरं कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असतं. आणि त्याच गोळीत बहुधा डी३ पण घातलेलं असतं, तेव्हा या तीन महिन्यांत डी नसलेलं पाकीट मागा.