मदत हवी आहे: इव्हो ९ (मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन ९) साठी इंजिन २.३ की २.४ लिटरचं बांधू?

गाडी रोजच्या वापराची, टर्बो मूळचाच, पेट्रोल ९५ ऑक्टेन. बूस्ट (टर्बोचा दाब) लवकर यायला हवा. ७,५०० आरपीएमच्या वर जायचं नाही.

१०० मिमी स्ट्रोकचा (पिस्टनच्या वर-खाली अंतराचा) क्रँक दोन्ही बिल्डमध्ये तोच. २.३ साठी गाडीच्या मूळ ४जी६३ इंजिनाच्या ब्लॉकमध्ये १५० मिमी कनेक्टिंग रॉड ठेवला तर रॉड रेशो (रॉडची लांबी भागिले स्ट्रोक) १.७० वरून १.५० वर येतो, पिस्टनची पिन ६ मिमी वर सरकवावी लागते, स्कर्ट (पिस्टनची खालची बाजू) आखूड होतो आणि सिलिंडरच्या भिंतीवर बाजूचा दाब वाढतो. २.४ साठी मित्सुबिशीच्याच ४जी६४ इंजिनाचा ब्लॉक, तो ६ मिमी उंच; त्यात १५६ मिमी रॉड बसतो, रेशो १.५६. पण टायमिंग बेल्ट लांब लागतो आणि टर्बोचे पाइप नव्याने जुळवावे लागतात.

माझा कल २.४ कडे आहे. ज्यांनी असं बिल्ड केलंय त्यांनी सांगा: २६१८ अ‍ॅल्युमिनियमच्या फोर्ज्ड पिस्टनना भिंतीपासून क्लिअरन्स (फट) किती ठेवलात? थंड इंजिनात आवाज किती येतो? बॅलन्स शाफ्ट (इंजिनाची कंपनं कमी करणारे दांडे) काढल्यावर कंपनं रोज सहन होतात का? प्रत्यक्ष मोजलेले आकडे कृपया द्या.